घरच्या टू-वे स्पीकरचा क्रॉसओव्हर आणि पाठीवरचे आठ ओहम

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्याभरावर आली की गोव्यात घरोघरी ठोकाठोक सुरू होते, आणि त्यात एखाद्या घरी स्पीकरची खोकीही असतात. मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, प्लायवुड कापून आणलेलं असतं, खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक इंची डोम ट्वीटर ऑनलाइन मागवलेले असतात, दोघांच्याही पाठीवर ‘८ ओहम’ छापलेलं असतं. खोकं तयार झालं की क्रॉसओव्हरचा, म्हणजे आवाज या दोघांत वाटून देणाऱ्या जोडणीचा, प्रश्न येतो: ‘क्रॉसओव्हरच्या व्हॅल्यू तेवढ्या सांगा.’

इंटरनेटवरचे कॅल्क्युलेटर त्या व्हॅल्यू क्षणात देतात आणि त्यांचं गणित बरोबरच असतं. फक्त ते गणित आठ ओहमच्या रेझिस्टरचं असतं, आणि आपण जोडतो तो स्पीकर. या दोघांत किती फरक पडतो आणि तो कसा भरून काढायचा, हे या लेखात पाहू.

आधी सूत्र समजून घेऊ, कारण सुरुवात तिथूनच होते. कॉइलचा अडथळा आवाजाच्या वारंवारतेबरोबर वाढतो, कपॅसिटरचा कमी होतो. म्हणून वूफरच्या वाटेत कॉइल ठेवली की वरचे सूर अडतात, ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर ठेवला की खालचे. ज्या वारंवारतेला हा अडथळा स्पीकरच्या ओहमइतका होतो, तो क्रॉसओव्हर बिंदू. आठ ओहम आणि २,२०० हर्ट्झ धरले तर कॉइल ०.५८ मिलिहेन्रीची येते आणि कपॅसिटर ९ मायक्रोफॅरडचा. इथून पुढे दर सप्तकाला, म्हणजे वारंवारतेच्या दर दुपटीला किंवा निमपटीला, आवाज ६ डेसिबलने उतरतो. हा उतार फार सौम्य आहे. म्हणून दुसरा भाग घालतात: वूफरला समांतर एक कपॅसिटर, ट्वीटरला समांतर एक कॉइल. मग उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचा होतो.

इथे दोन नावं भेटतात. बटरवर्थ पद्धतीत क्रॉसओव्हर बिंदूवर प्रत्येक बाजू ३ डेसिबल खाली असते आणि दोघांची बेरीज तिथे ३ डेसिबल वर निघते. लिंकविट्झ-रायली पद्धतीत प्रत्येक बाजू ६ डेसिबल खाली असते आणि बेरीज सपाट राहते. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे ह्युलेट-पॅकार्डमधले इंजिनियर. लिंकविट्झ यांचा लेख १९७६ चा. स्पीकर करणाऱ्यांमध्ये आज हीच पद्धत जास्त चालते, आणि लक्षात ठेवायलाही ती सोपी आहे. वरच्या पहिल्या हिशोबातली कॉइल दुप्पट करा, कपॅसिटर निम्मा करा. म्हणजे १.१६ मिलिहेन्री आणि ४.५ मायक्रोफॅरड, दोन्ही बाजूंना तेच आकडे. ट्वीटरच्या तारा मात्र उलट जोडायच्या, कारण या जुळणीत दोन बाजू एकमेकींच्या बरोबर १८० अंश विरुद्ध पडतात.

पण २,२०० च का? दोन्हीकडून ओढाताण आहे. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १३ सेंटिमीटर रुंद असतो. आवाजाची तरंगलांबी तेवढी झाली की शंकू आवाज समोरच फेकू लागतो आणि बाजूला बसलेल्याला तो कमी मिळतो. १३ सेंटिमीटर म्हणजे जवळपास २,६५० हर्ट्झ. त्याच्या खालीच वूफरला मोकळं करणं बरं. दुसरीकडे ट्वीटरची स्वतःची अनुनाद वारंवारता असते, म्हणजे जिथे तो आपसूक थरथरतो ती, समजा १,००० हर्ट्झ. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर डोमला चौपट हलावं लागतं, आणि एक इंची डोमकडे हलायला जागा मिलिमीटरच्या हिशोबात असते. म्हणून अनुनादाच्या निदान दुप्पट वर राहावं असा संकेत आहे. २,००० ते २,५०० या चिंचोळ्या पट्ट्यात आपण अडकतो, आणि माणसाचा कान नेमका याच भागापासून पुढे सर्वांत तिखट असतो. त्यामुळे इथली चूक लपत नाही.

आता सूत्र कुठे फसतं ते पाहू.

वूफरच्या आत तारेची गुंडाळी आहे, म्हणजे तो स्वतःच एक कॉइल आहे. मल्टिमीटर लावला तर ६ ओहमच्या आसपास दाखवेल. डेटाशीटवर या आतल्या कॉइलची व्हॅल्यू, म्हणजे इंडक्टन्स, समजा, ०.७ मिलिहेन्री लिहिलेली आहे. २,२०० हर्ट्झला तिचा अडथळा साडेनऊ ओहमच्या पुढे जातो, आणि दोन्ही मिळून वूफर तिथे ११ ओहमच्या वर दिसतो. वरचा १.१६ मिलिहेन्री आणि ४.५ मायक्रोफॅरडचा फिल्टर अशा वूफरला जोडून हिशोब केला तर २,२०० ला ६ डेसिबलऐवजी जेमतेम ३ डेसिबल कमी होतात. म्हणजे वूफर ठरल्यापेक्षा दुप्पट ताकदीने त्या भागात बोलत राहतो. गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा किंवा कर्कश वाटतो तो बऱ्याचदा याच भागामुळे, आणि दोष बिचाऱ्या ट्वीटरला दिला जातो.

यावर जुना उपाय आहे, झोबेल. वूफरला समांतर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, दोघं एकामागे एक. रेझिस्टर मल्टिमीटरवरच्या ओहमच्या सव्वापट, इथे साडेसात ओहम. कपॅसिटर म्हणजे वूफरची इंडक्टन्स भागिले त्या रेझिस्टरचा वर्ग, इथे साधारण १२ मायक्रोफॅरड. हे जोडल्यावर वूफरचा अडथळा वरच्या भागात बराचसा सपाट होतो आणि सूत्राला जे आठ ओहम हवे होते त्याच्या जवळपास काहीतरी मिळतं. खरं सांगायचं तर झोबेल लागतोच असं नाही. वूफर जसा आहे तसा धरून, त्याची इंडक्टन्स हिशोबात घेऊनही फिल्टर बसवता येतो आणि दोन भाग वाचतात. पण तसं करायचं तर संगणकावर जुळणी करावी लागते. कागद-पेन्सिलवर करणाऱ्याला झोबेल सोपा.

दुसरी गोष्ट, स्पीकर स्वतःच एक फिल्टर असतो. ट्वीटर अनुनादाच्या खाली आपणहून दर सप्तकाला १२ डेसिबल उतरतो. आपण लावलेला उतार त्यात मिसळतो, आणि कानाला मिळणारा उतार त्या दोघांचा मिळून. म्हणून विजेच्या बाजूला १२ डेसिबलचा फिल्टर लावूनही हवेत १८ किंवा २४ डेसिबलचा उतार मिळू शकतो. वूफरचंही तसंच. कागदी शंकू ४-५ हजार हर्ट्झच्या आसपास खडबडीत होत उतरत जातो. ॲल्युमिनियमचा शंकू सरळ वर जातो आणि मग घंटेसारखा वाजतो. पहिलाच स्पीकर करत असाल तर कागदी किंवा पॉलिप्रॉपिलिनचा शंकू घ्या, धातूच्या वाटेला जाऊ नका. आलेखातलं ते घंटेचं शिखर दाबायला आणखी भाग लागतात.

तिसरी गोष्ट खोक्याच्या तोंडाची. खालच्या सुरांचा आवाज खोक्याला वळसा घालून चारही दिशांना पसरतो, वरच्या सुरांचा आवाज समोरच्या फळीवरून पुढेच जातो. त्यामुळे मोकळ्या जागेत खालचे सूर वरच्यांपेक्षा ६ डेसिबलपर्यंत कमी पडतात. हा बदल कुठे होतो त्याचा ढोबळ आकडा: ११५ भागिले फळीची रुंदी मीटरमध्ये. २० सेंटिमीटरच्या फळीला साधारण ५७५ हर्ट्झ. डेटाशीटवर वूफर ८७ डेसिबलचा लिहिलेला असला तरी खोलीत त्याची खालची बाजू ८३-८४ चीच धरावी लागते. ६ पैकी किती भरून काढायचे ते खोलीवर ठरतं. भिंतीला टेकवून ठेवणार असाल तर भिंत मदत करते, ३ डेसिबल पुरतात. गोव्याच्या जुन्या घरात, चिऱ्याच्या जाड भिंती, उंच कौलारू छप्पर आणि दिवसभर उघड्या दारं-खिडक्या, तिथे खालचे सूर बाहेर निघून जातात आणि फरशी वरचे सूर परत फेकते. अशा हॉलमध्ये ४ ते ५ डेसिबल भरून काढलेलं मला बरं वाटतं. पणजीतल्या फ्लॅटच्या बंद खोलीत तेवढ्याने घुमेल.

हे करायची सोपी युक्ती म्हणजे वूफरची कॉइलच मोठी करणं. १.१६ ऐवजी दीड ते दोन मिलिहेन्री. वूफर लवकर उतरायला लागतो, उरलेला भाग खालच्या पातळीला येतो आणि फळीचा दोष त्यात जिरतो. सूत्रातून निघालेली कॉइल आणि चांगल्या तयार आराखड्यातली कॉइल यांत एवढी तफावत का, याचं उत्तर बव्हंशी इथे आहे.

वूफर असा ८४ वर आला आणि ट्वीटर ९१ डेसिबलचा असला, तर ट्वीटर ७ डेसिबलने खाली आणायला हवा. त्यासाठी दोन रेझिस्टर लागतात: ट्वीटरच्या वाटेत ४.४ ओहम, ट्वीटरला समांतर साडेसहा ओहम. फिल्टरला तरीही आठच ओहम दिसतात. याचा एक बोनस आहे. ट्वीटरचा अडथळा अनुनादापाशी उसळून, समजा, २० ओहम झाला तरी या दोन रेझिस्टरच्या आडून फिल्टरला फक्त सव्वानऊ ओहम दिसतात. म्हणजे जोरकस ट्वीटर घेऊन तो दाबणं हे मुळातच मऊ ट्वीटर घेण्यापेक्षा हिताचं. रेझिस्टर १० वॉटचे, पांढऱ्या सिमेंटचे असतात ते घ्या. ते तापतात, त्यांना फळीपासून थोडं उचलून बसवा.

आता मुद्दा येतो वेळेचा, जो सूत्रात नावालाही नसतो. खोक्याच्या तोंडावर वूफर आणि ट्वीटर एका पातळीत दिसतात, पण वूफरचा आवाज जिथून निघतो ते ठिकाण शंकूच्या तळाशी, साधारण अडीच सेंटिमीटर मागे असतं. २,२०० हर्ट्झची तरंगलांबी पावणेसोळा-सोळा सेंटिमीटर. अडीच सेंटिमीटर म्हणजे ५७ अंशांची पिछाडी. नेमकं समोर बसलात तर यामुळे आवाज जेमतेम एका डेसिबलने घटतो, म्हणून पुष्कळ जण याकडे दुर्लक्ष करतात. पण दोघांचा मिळून जो झोत बनतो तो सरळ समोर न येता खाली, वूफरच्या बाजूला झुकतो. खुर्चीत बसल्यावर एक आवाज, उभं राहिल्यावर दुसरा. खाली चटईवर बसून आरती ऐकणाऱ्याला तिसराच. ट्वीटर आणि वूफर एकमेकांना जवळजवळ चिकटवून बसवा, केंद्रापासून केंद्र १४ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे निदान झोत रुंद राहतो. पिछाडी भरून काढायला काही जण फळी तिरपी करतात. माझ्या मते उतारांमध्ये फेरफार करणं सोपं: ट्वीटरला थोडा तीव्र उतार द्यायचा, वूफरला सौम्य, आणि बघत राहायचं. ट्वीटरची समांतर कॉइल १.१६ वरून ०.३ ते ०.५ मिलिहेन्रीपर्यंत येते ती अशाच खटपटीत.

‘बघत राहायचं’ म्हणजे मोजायचं. कानाने हे होत नाही. मोजणीचा माइक, लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझर्ड नावाचा फुकट प्रोग्रॅम एवढं पुरतं. जुळणीसाठी व्हिट्यूइक्सकॅड हाही फुकट मिळतो. मोजणी खोलीत करू नका, अंगणात करा. खोकं दीड मीटर उंच स्टुलावर, माइक ट्वीटरच्या उंचीला एक मीटर समोर. जमिनीवरून परतणारा आवाज थेट आवाजाच्या साधारण ६ मिलिसेकंद मागाहून पोचतो, त्याच्या आधीचा तुकडा कापून घ्यायचा. तेवढ्यात १६० हर्ट्झच्या वरचं सगळं कळतं. त्याखालच्या भागासाठी माइक वूफरच्या शंकूला अगदी सेंटिमीटरभर जवळ नेऊन वेगळी मोजणी घ्यायची आणि दोन्ही आलेख जोडायचे. आधी फक्त वूफर, मग फक्त ट्वीटर, दोन्ही वेळा फिल्टरशिवाय, आणि मधल्या वेळात माइक जराही हलवायचा नाही, नाहीतर अडीच सेंटिमीटरचा हिशोब वाया. प्रोग्रॅममध्ये वेळेचा संदर्भ धरण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. ट्वीटरची मोजणी ५०० हर्ट्झच्या वरूनच सुरू करा, आवाज कमी ठेवा, आणि ॲम्प्लिफायर चालू केल्यावर मगच ट्वीटर जोडा. चालू करतानाचा एक धक्का डोमला पुरतो.

वेळ निवडणं हा इथला खास प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर अंगण विसराच. इतर महिन्यांत पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याची वेळ सोडून सकाळ धरा, वारा पडलेला असतो. कावळे, कोकिळा आलेखात दिसतात, पण सात-आठ मोजण्यांची सरासरी घेतली की पुसल्या जातात.

अडथळाही मोजायचा, डेटाशीटवर विसंबायचं नाही. एक १०० ओहमचा रेझिस्टर आणि साउंड कार्ड यांच्यावर तोच प्रोग्रॅम वूफर आणि ट्वीटरचा पूर्ण आलेख काढून देतो. आलेख पाहिला की पाठीवरचे ‘८ ओहम’ म्हणजे काय ते एका नजरेत कळतं. वूफरची रेषा खाली ३०-४० ओहमपर्यंत डोंगर चढते, २०० हर्ट्झजवळ साडेसहावर येते, आणि पुन्हा चढत जाते. आठवर ती फक्त जाता जाता टेकते.

या दोन मोजण्या प्रोग्रॅममध्ये घातल्या की व्हॅल्यू बदलून पडद्यावरच बेरीज दिसते. जमलंय का याची एक परीक्षा आहे. सगळं जोडून आलेख सपाट आला की ट्वीटरच्या तारा उलट करून पुन्हा पाहा. क्रॉसओव्हरपाशी खोल खड्डा पडायला हवा. २० डेसिबल किंवा त्याहून खोल असेल तर दोन बाजू १० अंशांच्या आसपास जुळल्या आहेत. ६ डेसिबलचा उथळ खळगा आला तर ती ५७ अंशांची पिछाडी तशीच शिल्लक आहे, सरळ जोडणीतला आलेख कितीही देखणा असो. हो, आणि एकूण अडथळ्याचा आलेखही बघा. तो कुठेही चार ओहमच्या खाली बुडत असेल तर साधा घरगुती ॲम्प्लिफायर कुरकुरेल.

भागांबद्दल थोडं. कॉइल विकत महाग पडते, पण पंपाच्या मोटारी भरून देणारा रिवाइंडिंगवाला गावोगाव आहे आणि त्याच्याकडे इनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. १८ गेजची घ्या. वूफरच्या वाटेतल्या कॉइलचा स्वतःचा अडथळा अर्ध्या ओहमच्या आत राहिला पाहिजे, अर्ध्या ओहमलाच अर्धा डेसिबल जातो. गुंडाळताना एलसीआर मीटरवर (कॉइल-कपॅसिटर मोजणारा मीटर) मोजत जा, जास्त गुंडाळा आणि मग वेढे काढत आणा. बसवताना पोटातून लोखंडी बोल्ट घालू नका, व्हॅल्यू बदलते. पितळी बोल्ट किंवा प्लास्टिकची पट्टी. दोन कॉइल शेजारी असतील तर एक आडवी, एक उभी, नाहीतर एकीतला सिग्नल दुसरीत उतरतो. कपॅसिटर ट्वीटरच्या वाटेतला तेवढा पॉलिप्रॉपिलिनचा घ्या, झोबेलला नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक चालतो. अधिक-उणे खुणा असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक कुठेही चालणार नाही. हजारोंच्या कपॅसिटरने आवाज ‘उघडतो’ असं सांगणारे भेटतील. ते पैसे माइकवर घाला.

समुद्राची हवा हा आणखी एक भिडू. दाबून बसवायच्या पिना दोन पावसाळ्यांत हिरव्या पडतात, म्हणून सगळे जोड डाखून घ्या. एमडीएफ दमटपणात फुगतो, मरीन प्लाय टिकतो. वूफरची कड रबरी असावी, फोमची इथे कुरतडल्यासारखी झडते.

मग ऐकायचं. घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीचं चांगलं रेकॉर्डिंग यासाठी उत्तम: घुमटाचा खर्ज पूर्ण वूफरचा, कासाळ्यांचा (झांजांचा) खणखणाट ट्वीटरचा, आणि गाणाऱ्यांचे आवाज दोघांमध्ये वाटलेले. कासाळी घुमटांच्या पुढे येऊन वाजत असतील तर ट्वीटरचा वाटेतला रेझिस्टर ४.४ वरून ४.७ किंवा ५.१ करा. उलट असेल तर ३.९. इतक्या छोट्या बदलाने फरक पडतो, आणि जुळणी न बिघडवता ऐकून ठरवावी अशी ही एवढीच व्हॅल्यू आहे. केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून ट्वीटर ठरवायला जाऊ नका. त्या रेकॉर्डिंगमध्ये वरचे सूर मुळातच फारसे नाहीत. मधला भाग तपासायला मात्र त्यांच्याइतका कठोर परीक्षक नाही.

एका खोक्यावर समाधान झालं की दुसरं त्याच व्हॅल्यूंनी जोडायचं, पण कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात ५ ते १० टक्के मागेपुढे असतं. चार-सहा नग मोजून जोड्या लावा, मग दुसरं खोकंही त्याच स्टुलावर ठेवून मोजा. दोन्ही आलेख एका डेसिबलच्या आत पडले की मागची फळी स्क्रूने बसवा. फेव्हिकॉल नको, कारण तो रेझिस्टर केव्हातरी पुन्हा बदलावासा वाटतोच.